परसातील खसखस

चार माणसे एकत्र बसून मोकळेपणाने हसली म्हणजे तेथे खसखस पिकली असे म्हणण्याची आपल्या भाषेत जुनी रीत आहे. हा वाक्प्रचार ज्या कोणा रसिक पूर्वजाने रूढ केला त्याच्या काळी संसदेचा सन १९८५ चा अधिनियम क्रमांक ६१ अस्तित्वात नव्हता हे उघड आहे. असता, तर ज्या बैठकीत खसखस पिकली त्या जागेचा मालक कोण, पीक किती हातांवर पसरले होते, आणि उपस्थितांपैकी कोणी त्याची वर्दी नजीकच्या ठाण्यात दिली की नाही, एवढ्या तीन प्रश्नांचा उलगडा झाल्याखेरीज कोणाही अब्रूदार गृहस्थास हसण्याचे धाडस झाले नसते. मला स्वतःला ते धाडस एका हिवाळ्यात सुमारे दोन महिने झाले नाही, आणि त्याचे कारण माझ्या परसात उगवलेली नऊ रोपे होती.

माझे वास्तव्य खैरलांजीचे. बालाघाट जिल्ह्यातील हे तहसिलीचे गाव असून आमच्या बाजूस बावनथडी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री आम्ही झोपलो तेव्हा आमची राजधानी नागपूर होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा ती भोपाळ झालेली होती, असे आमचे वडील सांगत; आमची भाषा मात्र होती तेथेच राहिली. त्यामुळे आम्ही घरात मराठी बोलतो, शेतावर पोवारी ऐकतो, कचेरीत हिंदीत अर्ज देतो, आणि औषधे, कापड, चष्मे व फुलझाडांचे बी या चार वस्तूंसाठी आजही नागपूरची वाट धरतो. यांपैकी शेवटच्या वस्तूने घात केला.

एका दिवाळीत नागपूरचा भाचा आला आणि त्याने मिठाईच्या पुड्याबरोबर बियांचे एक गुळगुळीत पाकीट माझ्या हाती ठेवले. पाकिटावर तांबड्या फुलांचे चित्र होते आणि इंग्रजीत ‘पॉपी, मिश्र रंग’ अशा अर्थाची अक्षरे होती. मी चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केली असल्यामुळे छापील अक्षरावर माझा विश्वास फार. कार्तिकाच्या सुमारास सांदवाडीत, सांभाराच्या वाफ्याला लागून, मी ते बी राखेत कालवून विसकटले व उरलेले पाकिटासकट फडताळात ठेवून दिले. कुटुंबाने विचारले, “काय पेरलंत?” मी सांगितले, “पॉपी.” तिने विचारले, “म्हणजे आपल्यात काय म्हणतात?” मी शब्दकोश काढला, आणि तेथूनच सर्व संकटास आरंभ झाला, कारण इंग्रजी नावाने जी वनस्पती शोभेची असते ती मराठी नाव कळताक्षणी फौजदारी स्वरूपाची होते. कोशात स्पष्ट लिहिले होते: खसखशीचे झाड, अफूचे झाड.

माझ्या शेजारी एक निवृत्त अर्जनवीस राहतात. तहसील कचेरीसमोरच्या झाडाखाली टेबल मांडून त्यांनी आयुष्यभर परक्यांच्या तक्रारी सुवाच्य अक्षरांत लिहिल्या, आणि आता स्वतःची एकही तक्रार नसल्याने ते नेहमी काहीसे उदास असतात. ही वार्ता ऐकल्यावर त्यांच्या मुखावर मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती अशी टवटवी आली. कुंपणाच्या फाटकातून ते आत आले, वाफ्यापाशी उकिडवे बसले, नुकत्याच फुटलेल्या हिरव्या कोंबांकडे न्यायाधीश आरोपीकडे पाहतो तसे पाहिले, आणि गंभीरपणे म्हणाले, “गुरुजी, ही सांदवाडी खसऱ्यात तुमच्या नावावर आहे की वहिनींच्या?”

खसऱ्यात खसखस! आमच्या मध्यप्रदेशी महसुली भाषेत जमिनीच्या उताऱ्यास खसरा म्हणतात आणि पटवारी शेतोशेत हिंडून कोणत्या तुकड्यात काय उभे आहे हे लिहून घेतो त्यास गिरदावरी. धान, गहू, हरभरा, जवस, लाखोळी यांची नोंद गिरदावरीत होते. खसखशीची झाली तर ती पटवाऱ्याच्या दप्तरात न राहता ठाण्याच्या रोजनाम्यात जाते, एवढाच दोहोंत भेद आहे, असे अर्जनविसांनी मला समजावून दिले. नंतर ते घरी गेले आणि अधिनियमाची एक जीर्ण प्रत घेऊन परतले. तिच्यातून त्या संध्याकाळी मला जे ज्ञान प्राप्त झाले ते निवृत्तिवेतनाच्या नियमांनंतर मी वाचलेले सर्वांत सविस्तर वाङ्मय होय.

कलम ८ म्हणते की अफूच्या झाडाची लागवड कोणी करू नये. वैद्यकीय व शास्त्रीय कामासाठी, सरकारी परवान्याने, ठरविलेल्या रीतीने केली तर गोष्ट वेगळी. येथे ‘शोभेसाठी’ असा शब्द नाही. ‘एकदोन रोपे’ अशी सवलत नाही. दहा एकरांवर पेरणाऱ्यास आणि तुळशीशेजारी कुंडीत लावणाऱ्यास मनाई एकच. भेद पडतो तो शिक्षेच्या वेळी, आणि त्या भेदाची व्याप्तीही अशी की प्रमाण अल्प ठरले तर एक वर्षापर्यंत, व्यापारी ठरले तर दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी आणि वर एक ते दोन लाखांचा दंड. निघालेल्या अफूच्या बाबतीत पंचवीस ग्रॅमपर्यंत अल्प आणि अडीच किलोपासून व्यापारी, असा हिशोब आहे. माझ्या नऊ रोपांतून सर्व मिळून चिमूटभरही अफू निघाली नसती, हे समाधान मी स्वतःपाशी मांडून पाहिले. पण एक वर्ष हाही काही आमच्या वयात अल्प काळ नव्हे.

“मला ठाऊकच नव्हतं असं सांगेन,” मी म्हणालो. अर्जनविसांनी पान उलटून कलम ३५ दाखविले. तेथे असे आहे की आरोपीच्या मनात अपराधाची जाणीव होती असे न्यायालयाने गृहीत धरावे, आणि ती नव्हती हे आरोपीने संशयाला जागा न ठेवता सिद्ध करावे. हे तत्त्व वाचून मला वाईट वाटण्याऐवजी एक प्रकारची ओळख पटल्याचा आनंद झाला, कारण वर्गात खडू फेकला कोणी या प्रश्नाची चौकशी मी चाळीस वर्षे याच तत्त्वावर केली होती. ज्यांना मी त्या काळी अंगठे धरून उभे केले त्यांच्यातील किती निर्दोष होते याचा विचार मात्र त्या रात्री प्रथमच माझ्या मनात आला.

त्याहून गहन कलमे पुढेच होती. कलम ४६ प्रमाणे ज्याच्या जमिनीत असे बेकायदा पीक दिसेल त्या जमिनीच्या धारकाने आपण होऊन ताबडतोब वर्दी द्यावी. म्हणजे स्वतःविरुद्ध फिर्याद स्वतःच दाखल करावी आणि न केल्यास तो दुसरा गुन्हा. कलम ४७ प्रमाणे प्रत्येक सरकारी अधिकारी, पंच, सरपंच व गावकामगार याच्यावर तेच कर्तव्य लादलेले आहे. आता त्या पंधरवड्यात माझ्या दारी सरपंच लग्नाची अक्षत घेऊन आले, एक पंच नळाच्या तक्रारीसाठी आले, कोटवार ग्रामसभेची दवंडी सांगून गेला, आणि पटवारी तर हवा चांगली म्हणून मुद्दाम मागच्या दारी खाट टाकून बसले. चौघांनीही वाफ्याकडे तोंड करून चहा घेतला. पटवाऱ्यांनी बोटाने रोपे दाखवून “गाजर का?” असे विचारलेही, मी “हं” म्हटले. कायद्याच्या दृष्टीने पाहता, माझ्या सांदवाडीत त्या पंधरा दिवसांत कर्तव्यच्युतांचे एक लहानसे अधिवेशनच भरले होते आणि त्याचे यजमानपद माझ्याकडे होते.

या अधिनियमातील तत्त्वज्ञानाचा खरा मासला मात्र व्याख्यांच्या कलमात आहे. पीक काढल्यानंतर उरलेले झाडाचे सर्व अवयव निषिद्ध पदार्थांत मोडतात. त्यातून केवळ एक गोष्ट वगळली आहे, ती म्हणजे बी. हे बी म्हणजेच खसखस. ती किराणा दुकानात उघड्यावर मिळते, तिच्यावर आमच्या घरी दर दिवाळीत अनारसे थापले जातात, बाळंतिणीच्या लाडवात ती पडते, आणि पन्नास ग्रॅमच्या पुडीत तिचे लाखभर तरी दाणे भरत असतील. म्हणजे या जीवाचे बालपण निर्दोष, वार्धक्यही निर्दोष, आणि मधले तारुण्य तेवढे फौजदारीस पात्र. हे अनेक सज्जनांच्या चरित्राशी जुळते खरे, परंतु वनस्पतीच्या बाबतीत ते प्रथमच कायदेपुस्तकात ग्रथित झालेले मी पाहिले. डबा फडताळात असेतो कुटुंब सुगरण, आणि तोच डबा ओल्या मातीवर उलटला की आरोपी क्रमांक दोन.

ही गंमत केवळ माझ्या अंगणापुरती नाही. सन २०१२ मध्ये बीड जिल्ह्यात परळी तालुक्याच्या शेतांतून अफूची झाडे उभी सापडली तेव्हा तेथल्या शेतकऱ्यांनी आम्ही खसखस पेरली, असेच सांगितले. त्या उत्तरात किती भोळेपणा होता आणि किती नव्हता याचा निवाडा मी करीत नाही. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते उत्तर अक्षरशः खरे होते आणि कायद्याच्या दृष्टीने ते अक्षरशः कबुलीजबाब होते, एवढे खरे. इतकेच काय, संयुक्त अरब अमिरातीत ही निरुपद्रवी खसखससुद्धा निषिद्ध आहे. म्हणून दुबईस नोकरीला असलेल्या मुलासाठी आईने पाठविलेला अनारशांचा डबा मुंबईत विमानावर चढताना फराळ असतो आणि तिकडे उतरताना मुद्देमाल होतो. समुद्र ओलांडल्याने धर्म भ्रष्ट होतो असे आपले पूर्वज म्हणत. ते अनारशांविषयी बोलत असावेत.

येथे कोणी म्हणेल की अफू हा दुष्ट पदार्थ आहे तर बंदी योग्यच. मला बंदीविषयी तक्रार नाही. ज्यांनी आमच्याकडच्या खेड्यांत रडणाऱ्या पोराला अफूचे बोट चाटवून आई रोवणीला गेलेली ऐकली आहे आणि त्यातले एखादे पोर मग उठलेच नाही हेही ऐकले आहे, त्यांनी या झाडाची भलामण करू नये. माझे आश्चर्य निराळे आहे. ज्या राज्यात मी नऊ रोपांसाठी झोप घालवून बसलो होतो त्याच राज्यात, त्याच भोपाळच्या अमलाखाली, हेच झाड सरकार स्वतः पिकवून घेते.

काही वर्षांपूर्वी महाशिवरात्रीच्या सुमारास आम्ही उभयता उज्जैनला महाकालाच्या दर्शनास गेलो आणि तेथून पुढे मंदसौरच्या अष्टमुखी पशुपतिनाथाला गेलो. त्या प्रवासात मोटारीच्या खिडकीतून गव्हाच्या हिरव्या पटांमध्ये मधूनच पांढऱ्याशुभ्र फुलांचे चौकोन दिसत. कंबरेएवढी झाडे, निळसर झाक असलेली रुंद पाने, आणि वर रेशमाच्या चुरगळलेल्या रुमालासारखी फुले. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात एक मचाण आणि मचाणावर एक जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांचा माणूस. शेजारी बसलेल्या एका मालवी शेतकऱ्याने सर्व हकीकत सांगितली. तेथे ‘पट्टा’ मिळतो. तो दहा आऱ्यांचा, म्हणजे आपल्या पाव एकराइतका. देतो केंद्राचा नार्कोटिक्स विभाग, ज्याचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. आणि कोणाला द्यावा याचे धोरण दरसाल दिल्लीत, अर्थमंत्रालयाच्या महसूल विभागात ठरते. फुले गळून डोडा भरला की दुपारी त्याला चिरे पाडायचे, रात्रभर दूध पाझरून तांबूस होऊ द्यायचे, आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी खरवडून घ्यायचे. चीर पाडण्याआधी कालीमातेची पूजा करायची. खरवडलेला प्रत्येक थेंब सरकारच्या काट्यावर घालायचा. त्यात मॉर्फिन ठरल्यापेक्षा कमी भरले तर पुढच्या साली पट्टा गेला. गारपिटीने पीक झोडपले तर ते सरकारी माणसांच्या देखत उपटून टाकायचे. ज्याच्या घरी पट्टा त्याच्या पोराला मुलगी लवकर मिळते, असेही त्याने सांगितले, आणि हे सांगताना त्याचा आवाज, आमच्याकडे जमाई शिक्षक आहे हे सांगताना जसा होत असे तसा झाला.

त्या मुलखातील पोपटांविषयी वर्तमानपत्रांतून दरसाल छापून येते. कच्चा डोडा फोडून ते खातात, उन्मत्त होतात, कधी फांदीवरून खाली पडतात, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच शेतावर हजर होतात. तूट शेतकऱ्याच्या माथी येते. पोपटाकडून मुचलका लिहून घेण्याची तरतूद मात्र कायद्यात नाही.

या झाडाचा मालव्याशी संबंध फार जुना आहे. बिहार व काशीकडची अफू कंपनी सरकारने आपल्या मक्त्यात घेतली तेव्हा मालव्याची अफू मराठी संस्थानांच्या मुलखात पिकत असल्याने त्या मक्त्याबाहेर राहिली. कंपनीने आधी ती अडवून पाहिली, मग अडविण्यापेक्षा परवाना देऊन त्यावर जकात घेण्यात शहाणपणा आहे हे तिला उमगले, आणि मालव्याच्या पेट्या मुंबईच्या बंदरातून चीनकडे रीतसर जाऊ लागल्या. त्या व्यापारात ज्यांनी अमाप पैसा मिळविला त्यांतील सर जमशेटजी जिजीभाई हे एक. त्यांच्या देणगीतून १८४५ साली मुंबईत रुग्णालय उभे राहिले, ते आजही आहे. शस्त्रक्रियेनंतर तेथल्या एखाद्या रोग्याला मॉर्फिनची सुई टोचली जाते तेव्हा एक जुनेच खाते जमेच्या बाजूस पुरे होते असे मला वाटते. संस्कृतात या पदार्थाला अहिफेन, म्हणजे सर्पाच्या मुखीचा फेस, असे भयंकर नाव दिले आहे. विद्वानांच्या मते ते ‘अफयून’ या अरबी शब्दालाच घातलेले सोवळे आहे. एकंदरीत हे झाड जेथे गेले तेथे त्याने आधी नाव बदलून घेतले, मग मालक.

तर मग आपणही पट्ट्यासाठी अर्ज का करू नये, असा प्रश्न मी अर्जनविसांना भाबडेपणाने विचारला. त्यांनी कागद पुढे ओढलाच. “अर्जदार मौजे खैरलांजी येथील कायम रहिवासी असून त्याच्या सांदवाडीत नऊ रोपे” येथवर लिहिले, क्षेत्राच्या रकान्यापाशी थांबले, आणि नऊ रोपांचे आऱ्यांत रूपांतर करताना दशांशचिन्हापुढे इतकी शून्ये निघाली की त्यांनी लेखणी खाली ठेवली. शिवाय परवाना केवळ केंद्राने अधिसूचित केलेल्या टापूंतच मिळतो, आणि बालाघाट त्यांत नाही. निसर्गाने व सरकारने मिळून या जिल्ह्याला मॅंगनीज दिले, मलाजखंडचे तांबे दिले, कान्हाचे वाघ दिले, चिन्नौर तांदळाला नाममुद्राही दिली. अफू तेवढी दिली नाही. त्याची भरपाई म्हणून की काय, तिची चुलत बहीण आमच्याकडे प्रत्येक नालीच्या काठी फुकट फुलते. पिवळ्या धोत्र्याचे कूळ अफूचेच. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ साली दिल्लीत माणसे दगावली. हिंदीत त्याला सत्यानाशी म्हणतात. त्याला ना पट्टा, ना चौकशी, ना कलम. आणि आमच्या लाखोळीची कथा तर याहून बहारीची: पाय लुळे पडतात म्हणून १९६१ पासून बहुतेक राज्यांत जिच्या विक्रीला बंदी झाली ती डाळ धानाच्या बांध्यांतून दरसाल निघाली, गिरदावरीत नोंदली गेली आणि पानात वाढली गेली; आमच्या लहानपणी लाखोळीची भाजी खाऊन आम्ही शाळेत चालतच जात होतो.

पौषात मात्र प्रकरणाला अनपेक्षित वळण लागले. अर्जनविसांनी व्याख्या पुन्हा वाचली. अधिनियमाने अफूचे झाड म्हणून ज्याचे नाव घेतले आहे ते लिनीयस पंडिताने १७५३ साली ठेवलेले पापाव्हर सोम्निफेरम, म्हणजे निद्रा आणणारे. पापाव्हर वंशातील इतर जाती केंद्राने अधिसूचना काढून जाहीर केल्या तरच गुन्ह्यात येतात. पाकिटावरचे चित्र तर तांबड्या फुलाचे, पापाव्हर ऱ्हीअस या जातीचे. हे फूल विलायतेत गव्हाच्या शेतांतून रानटी उगवते आणि ११ नोव्हेंबरला महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ तेथले राजेराण्या ते कागदाचे करून छातीवर लावतात. त्यातून अफू निघत नाही. इंग्लंडात तर खरे अफूचे झाडही शोभेसाठी बागेत लावले तर गुन्हा होत नाही; उलट अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जेफर्सनच्या मॉंटिसेलो येथील ऐतिहासिक बागेत ते होते ते १९९१ साली रखवालदारांनी स्वतःच उपटून टाकले. तेव्हा प्रश्न आता एवढाच उरला की आपली नऊ रोपे कोणत्या जातीची.

ओळखण्याची खूण मला भाच्याने फोनवरून सांगितली: निर्दोष जातीच्या देठावर लव असते आणि पाने कातरलेली असतात, अपराधी जातीचे देठ गुळगुळीत, अंगावर निळसर पांढरी झाक, आणि पान कोबीसारखे रुंद होऊन देठाला मिठी मारून बसते. आम्ही दोघे चष्मे पुसून वाफ्यापाशी बसलो. पहिले रोप केसाळ. दुसरे केसाळ. कोणाच्याही अंगावरचे केस पाहून मला आयुष्यात एवढा आनंद झाला नसेल. आठवे रोप केसाळ निघाले तेव्हा अर्जनविसांनी प्रत मिटली, आणि पटवाऱ्यांनी विचारलेल्या गाजरांच्या आठवणीने माझ्या परसात कित्येक आठवड्यांनी खरोखरीची खसखस पिकली.

नववे रोप गुळगुळीत होते.

अर्जनवीस उठले, फाटकातून बाहेर गेले, फाटकाला कडी लावली, आणि तेथून पुढे सर्व संभाषण कुंपणापलीकडून करू लागले. ते म्हणाले, हे उपटावे तर पुरावा नष्ट करणे, ठेवावे तर लागवड, कळवावे तर फिर्याद, न कळवावे तर कलम ४६. आणि यांपैकी कोणत्याही सल्ल्यात आपले नाव येऊ नये अशी त्यांची विनंती होती. आठ रोपे फुलली. फूल सकाळी उमलते, दोन दिवस टिकते, आणि पाकळ्या गळून पडतात; तेवढ्या वेळात त्या तांबड्या रंगाच्या बुडाशी असलेला काळा डाग पाहायला गल्लीतील सर्व पोरे येऊन गेली. नवव्याची कळी अजून मान खाली घालून होती. कुटुंब म्हणाली, “अहो, एवढी वाट पाहिलीत, रंग तरी बघू या कोणता निघतो.” परंतु निवृत्तिवेतन असलेल्या माणसाला कुतूहल परवडत नाही. एका रात्री, नळाला पाणी आलेले पाहण्याच्या मिषाने मी मागे गेलो आणि ते रोप मुळासकट उपटून शेणाच्या खड्ड्यात दाबले. उगवत्या फुलाची मान मुरगळल्याचे पाप मला लागले असेल; तेवढ्यावर माझे भागले. उरलेले पाकीट फडताळातून काढून कुटुंबाने झाडलोटीबरोबर मागच्या उकिरड्यावर टाकले, हे मला फार उशिरा कळले.

कळले ते पुढच्या मार्गशीर्षात. आमचा उकिरडा कुंपणाच्या अगदी कडेला आहे, आणि ते कुंपण बोरीच्या काट्यांचे असल्यामुळे दरसाल थोडे इकडे, थोडे तिकडे सरकते. एके सकाळी पाहतो तो नेमक्या त्या काट्यांमध्ये एक रोप वितीएवढे वाढलेले. देठ गुळगुळीत, निळसर, पान देठाला मिठी मारून बसलेले. पलीकडे अर्जनवीस हातात तांब्या घेऊन थिजल्यासारखे उभे होते. कलम ४६ मधील जमिनीचा धारक हा शब्द दोघांच्याही डोळ्यांपुढे एकदमच आला असावा, कारण दोघेही एकदमच एकेक पाऊल मागे सरलो.

“गुरुजी,” ते घसा खाकरून म्हणाले, “ही हद्द आधी ठरायला पाहिजे. सीमांकनाचा अर्ज द्या तुम्ही.” अर्ज त्यांनीच लिहून दिला आणि चाळीस वर्षांत प्रथमच लिहिणावळ घेतली नाही. पटवारी जरीब घेऊन माघाच्या अखेरीस आले. तोवर कळी उमलून पाकळ्या गळूनही गेल्या होत्या, आणि त्या दोन दिवसांत कुंपणाच्या कोणत्याही बाजूने फुलाचा रंग आम्ही पाहिला नाही, असा जबाब आम्ही दोघांनीही तयार ठेवला होता. पटवाऱ्यांनी मात्र मोजणी करून झाल्यावर वाकून त्या हिरव्या बोंडाकडे पाहिले आणि विचारले, “गाजराला असं फळ येतं का हो, गुरुजी?”